गटात न बसणारे पद

माझी वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. जानेवारी उजाडला की तिला काही विचारायची सोय राहत नाही. परवा रात्री मी नुसतं विचारलं, "वहिनी, जेवायला काय आहे?" सराव प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यातून मान वर न करता ती म्हणाली, "पर्याय नाहीत. पिठलं आहे."

दिवसभर प्रत्येक प्रश्नाला चार-चार पर्याय काढणाऱ्या बाईच्या तोंडून हे ऐकून दादा जरा चपापला. पण त्याला सवय आहे. ज्या वर्षी पाचवीचा स्कॉलरशिपचा वर्ग वहिनीकडे असतो, त्या वर्षी आमच्या घरात संक्रांत, हळदीकुंकू आणि माणसांचे वाढदिवस परीक्षा झाल्यावर होतात. एका वर्षी तिळगूळ आम्ही मार्चमध्ये खाल्ला. गोडच लागला.

शिष्यवृत्ती हे या परीक्षेचं कागदावरचं नाव. गावात तिला स्कॉलरशिप म्हणतात आणि मुलगा तिला 'बसतो'. खरं म्हणजे तो एकटा बसत नाही. त्याच्याबरोबर वर्गशिक्षक बसतात, मुख्याध्यापक बसतात, केंद्रप्रमुख बसतात, विस्तार अधिकारी बसतात आणि निवडणूक जवळ असेल तर सरपंचही बसतात. बाक तेवढा एकट्या मुलाला मिळतो.

परीक्षा घेते पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद. दोन पेपर, प्रत्येकी ७५ प्रश्न, एकूण गुण ३००. पहिल्या पेपरात मराठी आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता. एका पेपराला वेळ दीड तास, म्हणजे हिशेब केला तर एका प्रश्नाला ७२ सेकंद. आमच्या घरात चष्मा सापडायलाही ७२ सेकंदांहून जास्त वेळ लागतो, आणि तो बहुतेक वेळा कपाळावर असतो. तेवढ्या वेळात दहा वर्षांच्या पोराने प्रश्न वाचायचा, आगगाडीची लांबी काढायची, ती पुलावरून पलीकडे न्यायची आणि उत्तराचा गोल पेनाने काठोकाठ रंगवायचा. गोल अर्धा राहिला की गाडी पुलावरच राहिली म्हणून समजा.

आठवीच्या पेपरात तर आणखी एक गंमत आहे. तिथे वीस टक्क्यांपर्यंत प्रश्नांचे दोन पर्याय बरोबर असतात आणि ते दोन्ही रंगवले तरच गुण मिळतात. एका प्रश्नाची दोन उत्तरं बरोबर असू शकतात, ही गोष्ट सरकारी कागदावर मान्य झालेली मी पहिल्यांदाच पाहिली. आमच्या तलाठी कार्यालयापर्यंत ती अजून पोचलेली नाही.

मला या परीक्षेबद्दल बोलायचा काय अधिकार, असं दादा नेहमी विचारतो. अधिकार असा की मी 'बाकीचा' आहे.

मी चौथीत होतो ते साल १९८२. त्या वेळी स्कॉलरशिप चौथीला आणि सातवीला असायची. १९५४-५५ पासूनची ती रीत. वर्गात आम्ही चौतीस जण. जुलैमध्ये गुरुजींनी एक चाचणी घेतली, आठ जणांची नावं वेगळ्या कागदावर लिहिली आणि तेव्हापासून वर्गात दोन जाती झाल्या. हजेरी घेऊन झाली की गुरुजी म्हणायचे, "स्कॉलरशिपची पोरं पुढं या. बाकीच्यांनी गोंधळ करू नका." 'बाकीचे' हा शब्द मी वजाबाकीत शिकलो नाही, असा शिकलो.

आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे पैलवान तयार करतात तशीच स्कॉलरशिपची पोरं तयार करतात. पहाटे मेहनत, रात्री मेहनत, वस्तादाची नजर आणि खुराक. गुरुजी स्वतः रात्री शाळेत झोपायचे. कंदिलाभोवती आठ डोकी, कोपऱ्यात आठ वळकट्या. गुरुजींच्या घरून दुधाची किटली यायची. त्या दुधाचा वास मला अजून आठवतो, कारण मी कुंपणाबाहेर उभा राहून तो घेतलेला आहे. गुरुजी दुष्ट होते असं कोणाला वाटू नये. महिन्याच्या पगारातून ते त्या मुलांना पेन्सिली आणून देत. फक्त त्यांच्या शिकवण्याचा टॉर्च होता आणि त्याचा झोत आठ जणांवर पडला की उरलेल्या सव्वीस जणांवर अंधार पडायचा, त्याला ते तरी काय करणार?

आम्हा सव्वीस जणांना गुरुजींनी झाडं दिली. शाळेच्या मागे कडुलिंबाची आणि करंजाची रोपं लावलेली होती. स्कॉलरशिपचा जादा तास सुरू झाला की आम्ही आडावरून पाणी काढून त्यांना घालायचं. त्या वर्षात मी भागाकार शिकलो नाही, पण दोन पोरांत एक घागर सांडू न देता कशी न्यायची ते शिकलो. ते कधी कोणी विचारलं नाही.

दादा माझ्या दोन वर्षं आधी त्या आठांत होता आणि यादीतही आला. त्याचं नाव शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटने रंगवलं. पेंटरने वडिलांच्या नावाच्या जागी चुलत्यांचं नाव घातलं. त्यामुळे त्या भिंतीप्रमाणे दादा माझा चुलत भाऊ लागतो. दुरुस्तीसाठी आमच्या वडिलांनी दोन अर्ज केले होते. तिसऱ्या अर्जाच्या वेळी चुलते म्हणाले, असू दे की, तेवढंच आमचंही नाव झालं.

शिष्यवृत्तीच्या रकमेबद्दल घरात दोन मतं आहेत. दादाच्या मते त्यातून त्याचं शिक्षण झालं. आईच्या मते चप्पल झाली. अगदी अलीकडेपर्यंत पाचवीच्या शिष्यवृत्तीची रक्कम वर्षाला अडीचशे ते हजार रुपयांच्या दरम्यान होती. २०२३ मध्ये सरकारने ती पाच हजार केली आणि आठवीची साडेसात हजार. तोपर्यंत स्कॉलरशिपच्या तयारीच्या पुस्तकांची किंमत शिष्यवृत्तीच्या पुढे निघून गेली होती. म्हणजे नापास झालेला फक्त पुस्तकांच्या पैशाला बुडायचा आणि पास झालेला पेढ्यांच्याही.

मग एवढा जीव कशासाठी? हे मला वहिनीनेच एकदा समजावलं, तेही शाळेच्या पटाचं रजिस्टर पुढे ठेवून. गावात सकाळी पावणेआठला इंग्रजी शाळेची पिवळी बस येते आणि टाय लावलेली पोरं उचलून नेते. जिल्हा परिषदेच्या शाळेला बस नाही, टाय नाही. ३० सप्टेंबरला पट मोजतात, त्यावर संचमान्यता होते आणि पट पडला की शिक्षकाचं पद पडतं. शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जातो. आता पालकाला शाळेत काय दाखवून धरून ठेवायचं? मूल वाचताना अडखळत होतं ते आता अडखळत नाही, हे फ्लेक्सवर कसं छापणार? फ्लेक्सवर छापता येतो फोटो, नाव आणि 'शिष्यवृत्ती परीक्षेत घवघवीत यश'. एसटी स्टँडवर तसा फ्लेक्स लागला की पुढच्या जूनमध्ये पिवळ्या बसमधून दोन-तीन पोरं उतरून परत येतात. त्या दोन-तीन पोरांत एका बाईची नोकरी गावात राहते. म्हणून वहिनीला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. दहा वर्षांची सहा पोरं एका शाळेचं छप्पर डोक्यावर घेऊन पेपर सोडवतात. त्यांना ते माहीत नसतं, हे बरं आहे.

या छपराखालचे खांबही सरकार अधूनमधून हलवत असतं. २०१५ मध्ये ठरलं की परीक्षा चौथी-सातवीऐवजी पाचवी-आठवीला घ्यायची. कागदावर फरक एका वर्षाचा. पण जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळा चौथीला संपतात आणि बऱ्याच सातवीला. म्हणजे मुलाला चार वर्षं घडवायचं जिल्हा परिषदेच्या गुरुजींनी आणि फ्लेक्स लागणार हायस्कुलाचा! पोर आमचं आणि बारसं शेजारच्या घरात, असा तो प्रकार झाला. परीक्षेला बसणारी संख्या घटली. मग २०२५ मध्ये परीक्षा पुन्हा चौथी-सातवीला आणायचं ठरलं आणि मधल्या वर्षी कोणावर अन्याय नको म्हणून चौथी, पाचवी, सातवी, आठवी अशा चारही इयत्तांची घ्यायचं जाहीर झालं. वहिनीच्या शाळेत त्या दिवशी हजेरीत 'बाकीचे' म्हणून पहिली, दुसरी, तिसरी आणि सहावी एवढेच वर्ग उरले होते.

एवढी एकच परीक्षा असती तर तीही सोसली असती. पण शाळेत आता मुलांपेक्षा चाचण्यांचा पट जास्त आहे. जून २०१५ मध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं, त्याबरोबर पायाभूत चाचणी आली, मग संकलित एक, संकलित दोन. साताऱ्याकडे कुमठे बीटमध्ये काही शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचे मनापासून प्रयोग केले होते. मूल स्वतः हाताळून शिकतं, ही त्यातली गोष्ट. ती बघायला राज्यभरातून शिक्षक गेले आणि परत येताना त्यातली सर्वांत सोपी गोष्ट घेऊन आले: फरशीवर रंगवलेली चित्रं. आमच्या शाळेचीही फरशी रंगली. मग प्रत्येक शाळेला स्वतःला 'प्रगत' घोषित करायची घाई झाली. शाळा प्रगत, मग केंद्र प्रगत, मग बीट प्रगत. आमच्या शेजारचं केंद्र आमच्या आधी आठ दिवस प्रगत झालं, तर आमच्या केंद्रप्रमुखांनी दोन दिवस जेवण सोडलं होतं.

आता तर मुलांचे गुण शिक्षकांनी मोबाइलवरच्या चॅटबॉटला सांगायचे असतात. वहिनी रात्री साडेदहाला अंगणात रेंज शोधत उभी असते आणि फोनला म्हणत असते, "अरे भरलेत की गुण, पुढं जा ना बाबा." पलीकडून चॅटबॉट तिला नमस्कार करून पहिल्यापासून सुरू करतो. तिसरीतल्या पोराला भाषेत किती पडले याची एवढी आतुरता आमच्या गावात त्या पोराच्या आजीलाही नाही. आणि हे सगळं इतकं गंभीर, की संकलितच्या प्रश्नपत्रिका परीक्षेआधी यूट्यूबवर आल्याच्याही बातम्या आल्या. तिसरीचा पेपर फुटला! आमच्या वेळी तिसरीत पाटी फुटायची.

यावर कळस म्हणजे दिल्लीहून येणारं राष्ट्रीय सर्वेक्षण. त्याचा हेतू खरोखर चांगला आहे. देशातल्या निवडक शाळांतली निवडक मुलं घ्यायची, त्यांना काय येतं ते बघायचं आणि त्यावरून कुठे काय कमी पडतंय ते ओळखायचं. यात कोणी पास नाही, नापास नाही. डॉक्टरने ताप बघावा तसं. पण त्याचा निकाल जिल्हावार लागतो, आणि जिल्हावार यादी म्हटली की शेवटचा जिल्हा कोणीतरी असणारच. मग वरून पत्र येतं की सर्वेक्षणाआधी सराव चाचण्या घ्याव्यात, अहवाल दुपारी बारापर्यंत सादर करावा. ताप बघायला डॉक्टर येणार म्हणून घरच्यांनी रुग्णाला आदल्या रात्रीपासून थंड पाण्यात बसवून ठेवायचं. डॉक्टर म्हणतो, ताप नाही. घरचे म्हणतात, झालो पहिले.

२०२१ चं सर्वेक्षण १२ नोव्हेंबरला झालं. त्यात तिसरीचाही वर्ग होता. ती पोरं पहिलीत असताना करोनाने शाळा बंद झाल्या होत्या आणि आमच्याकडे ग्रामीण भागातले पहिली ते चौथीचे वर्ग उघडले १ डिसेंबरला. म्हणजे वर्ग उघडायच्या १९ दिवस आधी वर्गाची परीक्षा! वहिनी सांगते, एक पोरगी त्या दिवशी दारात उभी राहून विचारत होती, "बाई, तिसरीचा वर्ग कुठला?" वर्गाचा पत्ता हा तिचा पहिला प्रश्न होता आणि प्रश्नपत्रिकेत तो नव्हता.

मोजमापाचं हे दुखणं काय आहे, ते शिक्षणतज्ज्ञांना विचारू नये. आमच्या गावच्या दूध संस्थेत विचारावं. संस्थेत पूर्वी दूध लिटरवर घ्यायचे. तेव्हा दुधात पाणी असायचं. मग डिग्री बघायला लागले. तेव्हा पाण्यात साखर पडायला लागली. मग फॅटवर भाव बांधला. आता सगळ्या गावाला फॅट या विषयात पीएचडी आहे: कुठल्या वेळचं दूध, कुठली धार, कुठल्या म्हशीचं कुठल्या गाईत. डोनाल्ड कॅम्पबेल नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकात लिहून ठेवलं की एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय टांगाल तितका तो आकडा बिघडतो, आणि ज्याचं मोजमाप करायचं तेही बिघडतं. विद्वान लोक त्याला कॅम्पबेलचा नियम म्हणतात. आमच्या संस्थेचा सेक्रेटरी त्याला 'सकाळचं संकलन' म्हणतो. एकच फरक, की या सगळ्यात म्हशीला काही ताण येत नाही.

आणि हा उद्योग आपणच काढला असाही गैरसमज नको. इंग्रजांनी १८६२ सालीच त्यांच्या देशात नियम केला होता की शाळेला अनुदान द्यायचं ते मुलांच्या वाचन, लेखन आणि गणिताच्या परीक्षेवरून. साहेब येणार, पोरागणिक परीक्षा घेणार, त्यावर पैसे ठरणार. मॅथ्यू अर्नोल्ड हा मोठा कवी तिकडे शाळा तपासनीसाची नोकरी करत होता, म्हणजे आपल्या भाषेत दिपोटी. त्याने आपल्या अहवालांतून या पद्धतीवर कडक टीका केली. त्याला दिसलं होतं की पोरं वाचनाचं पुस्तक पाठ करून साहेबापुढे 'वाचतात'. पान उलटायला विसरलं तरी वाचन थांबत नसणार. कवी असून त्याच्या हे लक्षात आलं, यातच सगळं आलं. पण अहवाल लिहिणाऱ्या दिपोटीचं ऐकतो कोण? ती पद्धत पुढे तीस वर्षांहून अधिक चालली.

अमेरिकेने तर २००२ मध्ये कायदाच केला की २०१४ पर्यंत देशातली शंभर टक्के मुलं वाचनात आणि गणितात प्रवीण झाली पाहिजेत, आणि ज्या शाळा मागे राहतील त्यांच्यावर कारवाई. शंभर टक्के! आपल्याकडे लग्नाच्या पंगतीतही शंभर टक्के माणसं श्रीखंड खात नाहीत. मग जे व्हायचं तेच झालं. अटलांटा शहरात २०११ च्या चौकशीत निघालं की ४४ शाळांतल्या १७८ शिक्षक-मुख्याध्यापकांचा हात मुलांच्या उत्तरपत्रिकांतल्या लबाडीत होता. चुकीची उत्तरं खोडरबराने खोडून बरोबर केलेली. २०१५ मध्ये ११ जण न्यायालयात दोषी ठरले, तेही टोळीने गुन्हे करणाऱ्यांसाठी असलेल्या कायद्याखाली. मास्तरांची टोळी आणि हत्यार खोडरबर! वहिनीला मी हे सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "म्हणून आपल्याकडे पेनानं गोल रंगवतात."

दहावीचा विषय मी लांबवत नाही, कारण त्यावर बोलायला प्रत्येक घरात एक तरी माणूस असतो. फक्त चार आकडे सांगतो. २०१८ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. पुढच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले वीस-वीस गुण काढून घेतले, तर निकाल ७७.१० टक्के. ते परत दिले, निकाल ९५.३० टक्के. एका वर्षात महाराष्ट्राची पोरं मंद झाली आणि पुढच्याच वर्षी हुशार. मग २०२१ मध्ये करोनामुळे परीक्षाच झाली नाही. त्या वर्षीचा निकाल ९९.९५ टक्के. परीक्षा न घेणं हाच निकाल सुधारायचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे, हे आकड्यांनी सिद्ध झालेलं असताना आपण पुन्हा परीक्षा का घेतो, हे मला कळत नाही. आणि त्या वर्षी जी ०.०५ टक्के पोरं न झालेल्या परीक्षेतही राहिली, त्यांना मला एकदा भेटायचं आहे. ती माझ्या गोतावळ्यातली असणार.

वहिनीच्या वर्गाकडे वळतो. गेल्या आठवड्यात तिला ताप होता म्हणून मी तिला शाळेत सोडायला गेलो आणि जादा तासाला मागे बसलो. बुद्धिमत्तेचा तास होता. ज्यांनी हा तास पाहिला नाही त्यांना सांगतो, बुद्धिमत्ता हा आता पाठ करायचा विषय आहे. आरशातली प्रतिमा, पाण्यातली प्रतिमा, घड्याळाचे काटे, रांगेत डावीकडून सतरावा. दिशेच्या प्रश्नात एक माणूस घरातून निघतो, उत्तरेला पाच किलोमीटर जातो, उजवीकडे वळतो, पुन्हा उजवीकडे वळतो. तो कुठे चाललाय हे त्याला कोणी विचारत नाही. दादा हे प्रश्न अजून झोपेत सोडवतो, मात्र पुण्यात स्वारगेटला उतरला की मला फोन करतो.

वहिनीने नात्याचा प्रश्न घातला. एक गृहस्थ फोटोतल्या बाईकडे बोट दाखवून म्हणतो, "हिच्या आईचा एकुलता एक मुलगा माझा बाप आहे." तर ती बाई त्याची कोण? पहिल्या बाकावरच्या पोरांनी माना खाली घालून वंशावळ काढायला घेतली. तेवढ्यात खिडकीजवळचा एक पोरगा उभा राहिला. त्याला कोणी विचारलं नव्हतं. तो स्कॉलरशिपच्या सहा जणांतला नव्हता, झाडांच्या पाण्यासाठी बादली घ्यायला आत आला होता. तो म्हणाला, "आत्या लागती, बाई. पर त्यांचं बोलणं बंद असणार. न्हाईतर सरळ आत्याच म्हनला असता की."

वर्ग हसला. वहिनी हसली. मी हसलो नाही, मी टिपून घेतलं. बावीस सेकंदांत त्याने नातंही ओळखलं होतं आणि भाऊबंदकीही.

वहिनीने त्याला ठेवून घेतला आणि पुढचा प्रश्न विचारला. गटात न बसणारे पद ओळखा: नांगर, कुळव, पाभर, ट्रॅक्टर. सहाच्या सहा हात वर. ट्रॅक्टर, कारण तो डिझेलवर चालतो. हा बादलीवाला म्हणाला, "पाभर."

"का रे?"

"बाकीच्या तिन्हींनी रान उकरत्यात, बाई. पाभरीनं पेरत्यात."

वर्गात शांतता झाली. वहिनीने उत्तरसूची पाहिली. सूचीत ट्रॅक्टर होता. तिने त्या पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग परत सूचीकडे. शेतकऱ्याच्या घरातली आहे ती. पाभर काय करते हे तिला कोणी सांगायला नको. ती म्हणाली, "तुझं बरोबर आहे. पण पेपरात ट्रॅक्टर रंगवायचा." तो "बरं" म्हणाला, बादली उचलली आणि बाहेर गेला.

घरी येताना स्कूटरवर ती बराच वेळ बोलली नाही. तिठ्याजवळ आल्यावर म्हणाली, "पुढच्या वर्षी त्याला बसवायचाच." मी म्हटलं, "त्याला की त्याच्या उत्तराला?" त्यावर तिने मला उतरून चालत यायला सांगितलं.

त्या रात्री मी तिच्या गठ्ठ्यातला एक सराव पेपर घेतला आणि घड्याळ लावून सोडवला. चौथीत राहिलेली हौस. दीड तासात ७५ पैकी ५१ प्रश्न झाले आणि त्यातले ३७ बरोबर आले. एका आगगाडीची लांबी पुलापेक्षा जास्त निघाली. रांगेत मी डावीकडून सतरावा आणि उजवीकडूनही सतरावा असलेला मुलगा बरोबर काढला होता, पण गोल शेजारचा रंगवला. गटात न बसणाऱ्या पदांच्या पाचही प्रश्नांत मला प्रत्येक पदाबद्दल काही ना काही सहानुभूती वाटत राहिली आणि वेळ गेला.

वहिनीने लाल पेनाने तपासला, खाली गुण मांडले आणि म्हणाली, "भावजी, तुम्हाला जादा तासाला बसवायला पाहिजे."

जादा तास सकाळी सातला असतो. १९८२ साली आम्ही पाणी घातलेल्या रोपांपैकी नऊ कडुलिंब आणि चार करंज शाळेच्या मागे अजून उभे आहेत. ओळीत आता नवीन रोपं लावली आहेत आणि त्यांच्या पाण्याची वेळही सातचीच आहे. आडाला पाणी कमी आहे, त्या पोराला बादली एकट्याला ओढवत नाही. मी सोमवारपासून जातो आहे.